न पाहता फेकलेला दगड

१

दगड फेकायचा तो पाठमोरं होऊन, खांद्यावरून, आणि पडल्याचा आवाज येईपर्यंत मागे वळायचं नाही. घनश्याम ढवळेला नागपूरच्या संशोधन खात्याने साठ सालची दिवाळी आटोपल्याबरोबर पांढरकवड्यापलीकडच्या रानात धाडलं ते याच कामासाठी. शेत संपून जंगल सुरू होतं त्या पट्ट्यात काय उगवतं, किती उगवतं, झाडांखाली काय तगतं आणि काय मरतं, याची पाहणी. आता एवढ्या रानातलं सगळं गवत कोण मोजत बसणार? म्हणून दगड. तो पडेल तिथे मीटरभराची लाकडी चौकट ठेवायची, आतलं जे काही वाढलं असेल ते जमिनीलगत कापायचं, त्याचे जातवार ढीग करायचे, आणि वाळवून तोलायचं. गवताचा ढीग एक, वेलींचा एक, झाडांच्या रोपांचा एक, आणि उरलंसुरलं जे कशातच बसत नाही त्याचा एक. या शेवटच्या ढिगाला घनश्याम ‘इतर’ म्हणायचा.

माणूस सरळ होता. कळंबच्या शेतकरी घरातला, कामात चोख, आणि चोखपणाचा थोडा गर्वही होता. नुसतं पाठमोरं होऊन त्याचं समाधान व्हायचं नाही. फेकण्याआधी तो डोळे मिटून स्वतःभोवती दोन गिरक्या घ्यायचा, म्हणजे मन चुकूनही सोप्या जागेकडे झुकायला नको. हे बघून कापणीला सोबत येणाऱ्या मानीबाईची हसून पुरेवाट व्हायची. ती त्याच्यामागे उभी राहून, कडीतोरडे वाजवत, तश्शाच गिरक्या घेऊन दाखवायची.

“साहेब, भोवळ येईन ना बाप्पा तुमाले! पाहून फेका की. तिकडं पवन्याचं गवत पाहा कसं कमरेइतकं झालं.”

“पाहून फेकला त तो धरत नाई, मानीबाई. पुन्हा फेकावा लागते.”

“अन् वाटेवर पडला त? खडकावर?”

“तरी पुन्हा. जिथं काही वाढतच नाई, तिथं कापाचं काय?”

मानीबाई जवळच्या तांड्यातली. नवरा गेलेला, घरी एक पोरगी, जमनी. तांड्यातलं दुसरं कोणी घनश्यामच्या कामाला यायला तयार नव्हतं. मोजणी करणारा माणूस आला की मागोमाग जमीन जाते, एवढं तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तांड्याचा नायक फुलसिंग तर तोंडावरच म्हणाला होता, “आज गवत मोजून राह्यला, उद्या आमचं वावर मोजशीन.” विहिरीवर घनश्यामची बायको इंदू गेली की बाया घागरी उचलून चालू लागायच्या. इंदू बाळंतपणाहून नुकतीच आलेली, कडेवर आठ महिन्यांची शकू. वनखात्याच्या जुन्या चौकीत तिघांचा संसार. जंगल दारापासून हाकेच्या अंतरावर होतं. मानीबाई तेवढी यायची, विळा कमरेला खोचून, जायच्या आधी शकूची पापी घेऊन.

२

एके दिवशी घनश्याम आणि मानीबाई जंगलात जरा आतवर गेले. बेहड्याच्या एका मोठ्या झाडाखाली घनश्याम थबकला. समोर जमिनीचा एक चौकोन कापलेला होता.

त्याला आधी वाटलं, आपलीच जागा, विसरलो असू. पण तो विसरणारा माणूस नव्हता. चौकोनाच्या उजव्या अंगाला चार ढीग होते. गवत, वेली, रोपं, आणि इतर. आपण लावतो त्याच क्रमाने.

“आपुन त इकडं आलोच नाई,” मानीबाई म्हणाली.

घनश्याम गुडघ्यावर बसला. विळ्याने कापलेले बुंधे तिरपे राहतात. हे सपाट होते, आणि एकजात एकाच उंचीचे. चौकोनाचे कोपरे त्याच्या चौकटीपेक्षा नेमके होते. मधोमध एक बसका काळा दगड पडला होता, एका बाजूने ओला. त्याला बारीक मुळ्या चिकटलेल्या होत्या, जणू नुकताच खोल जमिनीतून काढलाय.

खरं सांगायचं तर घनश्यामला भीती वाटली नाही. त्याला राग आला. नागपूरहून कोणीतरी वरिष्ठ गुपचूप येऊन आपलं काम पडताळतोय, हे त्याच्या डोक्यात बसलं. आणि रागाच्या पोटात थोडा हेवाही होता, कारण इतकं साफ काम त्याला स्वतःला जमलं नसतं.

मानीबाई चौथ्या ढिगापाशी वाकली होती. त्यात किडे होते, मुंगळे, भुंगे, एक मोठा नाकतोडा. “साहेब, यायले पायच नाई,” ती म्हणाली.

त्याने बघितलं. भुंगे धडधाकट होते, पण पाय नव्हते. मग त्याचं लक्ष कापलेल्या जमिनीकडे गेलं. किड्यांचे पाय तिथेच होते, मातीवर, जिथे ते किडे उभे असतील तिथे.

“मुंग्यांनी खाल्लं असन,” घनश्याम म्हणाला आणि उठला. हे उत्तर त्यालाही पटलं नव्हतं, पण वरिष्ठांच्या पायांच्या खुणा तिथे नव्हत्या हे त्याने मानीबाईला सांगितलं नाही.

३

दोन-चार दिवसांनी ते फुलसिंगच्या कपाशीच्या कडेला भाकर खात बसले होते. दुपार टळटळीत होती. जंगलातले पक्षी अचानक गप्प झाले आणि सागांच्या शेंड्यांवरून एक दगड वर आला. उंच गेला, सावकाश वळला, आणि कपाशीत पडला. टप्प.

फुलसिंग पाल्याचा भारा टाकून धावत आला. “कोन हाय रे? कोन दगडं मारून राह्यलं?”

“भानामती,” मानीबाई पुटपुटली आणि तिने पदर डोक्यावर ओढला.

घनश्यामने भानामतीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्या दगडांत राग असतो, ते कौलांवर येतात, माणसांच्या डोक्यावर येतात. या दगडात राग नव्हता. तो नेम धरून मारलेला नव्हताच. तो कसा आला हे घनश्यामला ओळखू आलं होतं, कारण तसे दगड तो रोज फेकत होता. पण ही गोष्ट फुलसिंगला काय सांगायची?

दुसऱ्या सकाळी फुलसिंगने त्याला दंडाला धरून शेतात नेलं; मानीबाई मागोमाग आली. ऐन वेचणीला आलेली कपाशी चौकोनात जमिनीलगत कापली होती. बोंडं एकीकडे, पाला एकीकडे, तण एकीकडे. इतरच्या ढिगात उंदराची पिल्लं होती आणि एक ससा होता. ससा झोपल्यासारखा आडवा होता. रक्ताचा थेंब नव्हता. आणि सशाचे चारही पंजे कापलेल्या जागेत मातीवर उभे होते, पळता पळता थांबल्यासारखे.

“हे तुमचंच काम,” फुलसिंग म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. “असे ढीग इथं दुसरं कोन लावते, सांगा? तुमी मोजून राह्यले तोवर आमी सोसलं. आता बायकोले घ्या, पोरीले घ्या, अन् निघा. गाडी मी जुपून देतो.”

“नायक, मी कायले तुमची कपाशी कापू?”

“ते मले काहून इचारता? मानी, आजपासून याच्या मांगं जायाचं नाई. वावरात वेचणीले ये.”

मानीबाईने घनश्यामकडे बघितलं, हात पसरले, आणि ती नायकामागे गेली. नायकापुढे तिचं तरी काय चालणार होतं?

४

घनश्यामने निघायचं ठरवलं, पण लगेच नाही. नोकरी कच्ची होती, आणि वाळत घातलेल्या पिशव्या तोलायच्या राहिल्या होत्या. चार दिवसांनी निघू, तो इंदूला म्हणाला. त्या चार दिवसांत तो कामाला एकदाही गेला नाही. चौकीच्या खोलीत बसून कान देत राहिला.

दुपारी कौलं तापून कडकड वाजत. भिंतीवरून पाल चुकचुके. शकू जमिनीवर रांगत फिरे, तिच्या हातातला खुळखुळा वाजे. या सगळ्या आवाजांखाली तो एका आवाजाची वाट बघायचा. कधी तो तासन्‌तास येत नसे. मग लांब कुठेतरी, टप्प. पुन्हा दुसरीकडे, टप्प. नेम नाही, दिशा नाही. जंगलात कोणीतरी आपलं काम निगुतीने करत होतं.

तिसऱ्या दिवशी दगड अंगणात पडला. इंदूने अंगण शेणाने सारवलेलं, गवताची काडी नाही. घनश्याम उंबऱ्यात बसून त्या दगडाकडे बघत राहिला. दुसऱ्या सकाळी अंगण होतं तसंच होतं, आणि दगड नव्हता. कोणीतरी उचलून नेला होता.

त्याला आनंद झाला. उघडी जागा! उघड्या जागेवरचा दगड धरत नाहीत. मग लगेच त्याच्या लक्षात आलं, पलीकडच्यालाही तोच नियम ठाऊक होता.

तो पिसाळल्यासारखा कामाला लागला. चौकीभोवतीचं गवत खुरप्याने खरवडून काढलं. भिंतीच्या भेगांतली रोपटी उपटली. कुंपणावरचा वालाचा वेल ओरबाडला. शेवटी तो वृंदावनापाशी आला.

“अवो, तुळस कायले?” इंदू धावत आली. “तुमाले काय झालं? मी माहेराहून आनली ते, टोपल्यात जपून जपून!”

“ते वाढते, इंदू. इथं वाढतं असं काहीच नको.”

त्याने तुळस मुळासकट काढली आणि कुंपणाबाहेर टाकली. इंदू रात्रभर जागीच राहिली. तो मात्र बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. आता अंगणात कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

५

निघायच्या दिवशी सकाळीच फुलसिंग गाडी घेऊन आला. बैल बाजूला बांधून तो बिऱ्हाड निघायची वाट बघत उभा राहिला. इंदूने अंगणात उन्हात गोधडी टाकली होती आणि शकूला तिच्यावर बसवून ती आत भांडी बांधत होती.

पक्षी गप्प झाले. घनश्यामने वर पाहिलं. दगड सागांवरून वर आला, सावकाश वळला, आणि गोधडीवर पडला. टप्प.

शकू दचकली नाही. तिने दोन्ही पंजे दगडावर ठेवले आणि हसली. तिला पुढचे दोन दात नुकतेच आले होते. दिवाळीत नव्हते.

घनश्याम जागच्या जागी थिजला. त्याने वालाचा वेल काढला होता, तुळस काढली होती. अंगणात जे सगळ्यांत भराभर वाढत होतं, त्याच्याकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

त्याने जंगलाकडे पाहिलं. कडेला सागाची खोडं उभी होती, रोजची, ओळखीची. त्यांच्यात एक रोजचं नव्हतं. जाडी तीच, रंग तोच, वर पानं होती की नाही ते उन्हात दिसेना. खोडाला पुढची बाजू नसते आणि पाठही नसते. पण ते पाठमोरं होतं. तसं का वाटलं ते घनश्यामला सांगता आलं नसतं, पण त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ते मागे वळून बघत नव्हतं.

त्याने धावत जाऊन शकूला उचललं. दगड उचलला, जंगलाकडे तोंड केलं, आणि त्या खोडाचा नेम धरून सगळ्या ताकदीने भिरकावला. दगड झाडीत गडप झाला. “इंदू! चल, बस गाडीत! भांडे राहू दे!”

इंदूने त्याचा चेहरा बघितला आणि हातातली भांडी तिथेच टाकली. फुलसिंगने बैल जुपले. गोधडी गाडीत टाकली, तिच्यावर शकूला ठेवलं, इंदू चढली. गाडी फाटकातून बाहेर पडून कपाशीच्या कडेच्या वाटेला लागली आणि तिथेच तो आवाज आला. टप्प.

दगड गाडीत होता. शकूच्या मांडीला टेकून, ओला, मुळ्या चिकटलेला. तोच.

“फेका! फेका तो बाहीर!” फुलसिंग ओरडला. त्याने कासरा ओढून बैल थांबवले.

घनश्यामने दगड उचलला, पण फेकला नाही. जागा सुटली होती, तरी दगड पोरीला सोडत नव्हता. आणि त्याने आत्ता नेम धरून फेकला होता. पाहून फेकलेला धरत नाहीत, हे त्यानेच तर मानीबाईला शिकवलं होतं. पांढरकवड्याला गेले काय, नागपूरला गेले काय, हा दगड नीट फेकला जाईपर्यंत शकूच्याच मांडीशी येत राहणार होता.

६

तो गाडीतून उतरला. वाटेत उभा राहून त्याने डोळे मिटले. दगड हातात गार होता. त्याने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, मग आणखी घेतल्या, इतक्या की जंगल कुठे आणि वाट कुठे ते त्याला कळेना. त्या क्षणी तो अगदी प्रामाणिक होता. त्याने कोणाचंही वाईट चिंतलं नाही, कोणाचं चांगलंही चिंतलं नाही. त्याने खांद्यावरून दगड फेकला आणि आवाजाची वाट पाहिली.

आवाज आला तो टप्प असा नव्हता. मऊ होता, कापसावर पडल्यासारखा.

“अवो साहेब!”

त्याने डोळे उघडले. वाटेच्या पलीकडे, कपाशीत कमरेइतकी बुडून, मानीबाई वेचणी करत उभी होती. पोटाशी बांधलेली वटी, पदराची ओटी, कापसाने टम्म फुगली होती. वटीत हात घालून तिने दगड बाहेर काढला आणि उंच धरून दाखवला.

“माही वटी भरता का?” ती खळखळून हसली. “जाता जाता तरी पाहून फेका ना बाप्पा! डोकंच फुटलं असतं माहं.” मग तिने दगड उलटासुलटा करून बघितला. “चांगला बसका हाये पन. माह्या चुलीचा एक दगड फुटलाच होता. जमनी रोज कटकट करते. हा नेते घरी.”

तिने तो परत वटीत टाकला.

घनश्यामने तोंड उघडलं. टाका तो, एवढेच दोन शब्द होते. पण मानीबाई तो कसा टाकेल हे त्याला दिसलं. ती त्याची नक्कल करणार, गिरक्या घेणार, हसत हसत खांद्यावरून भिरकावणार. नीट, न पाहता. आणि गाडी तिथून किती जवळ होती. गाडीत शकू खुळखुळा चोखत बसली होती.

त्याने तोंड मिटलं. तो गाडीत चढला.

“काय म्हने ते?” फुलसिंगने विचारलं. बैल आवरण्याच्या नादात त्याला धड ऐकू आलं नव्हतं.

“काही नाई. हाका गाडी.”

इंदूला मात्र सगळं ऐकू आलं होतं. सारं काही तिला समजलं होतं असं नाही, पण नवऱ्याने तोंड उघडून मिटलेलं तिने बघितलं होतं, आणि ते पुरेसं होतं. “सांगा तिले,” ती म्हणाली. “अवो, सांगा ना. तिच्या घरी लेकरू हाये.”

घनश्याम बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिला. मग इंदूच गुडघ्यांवर उठली, गाडीची दांडी धरली आणि ओरडली, “मानीबाई, थो दगड...”

घनश्यामने मागून तिच्या तोंडावर हात दाबला. तिने मान सोडवायचा प्रयत्न केला, नखं मारली, शेवटी त्याचा तळवा दातांखाली धरून चावली. रक्त तिच्या हनुवटीवर आलं. त्याने हात काढला नाही. फुलसिंगने एकदा मागे वळून पाहिलं, नवराबायकोचं भांडण म्हणून मान फिरवली आणि बैलांना चाबूक लावला. चाकं दगडगोट्यांवरून खडखडत निघाली.

मानीबाईला वाटलं, इंदुताई निरोप घेत आहेत. ती कपाशीतून वाटेपर्यंत पुढे आली. एका हाताने जड वटी सांभाळत तिने दुसरा हात उंच केला आणि हलवू लागली.

“येजा साहेब! शकूले मोठी करून आना!”

घनश्यामचा एक हात मोकळा होता. त्याने तो वर केला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघून हलवत राहिला.